पिठावरची रेघ

आमची रुची मेली तर चौकात तिचा फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली, अन् खाली आनंदरावाचं नाव तिच्या नावापेक्षा मोठं. फोटोत तिले गोरी करून टाकली होती. मांगं ढग, चारी बाजूनं गुलाब. रुचीनं तो फ्लेक्स पाहिला असता तर म्हटलं असतं, मोठीमाय, मी मेली का माझं लग्न जुळलं?

मी तिची मोठीमाय, म्हणजे तिच्या मायची मोठी बहीण. सिंधू माझं नाव. नवरा वारला अन् मी उमरेडहून बहिणीकडे हुडकेश्वरले आली तेव्हा रुची रांगत होती. तेव्हापासून इथंच आहे. जवळच्या बेसा वस्तीतल्या फ्लॅटवाल्यायकडे पोळ्या करते. रुचीले मी न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं, अन् शेवटी माझ्याच मांडीवर तिचा जीव गेला. म्हणून मी सांगून राहिली. नाहीतर सांगणारे लय आहेत. आमच्या लेआऊटमधी सध्या दोन रुच्या फिरून राहिल्या. एक फ्लेक्सवरची, गरीब गाय, कोणाले उलटून न बोलणारी. दुसरी लोकायच्या कानातली, पोट्ट्याच्या नादी लागून विष घेणारी. दोन्ही खोट्या.

खरी रुची कोणाले भेवत नव्हती अन् कोणाचं ऐकत बी नव्हती.

तिचा आजा कोष्टी. गोळीबार चौकाजवळच्या घरात त्याचा हातमाग होता. तिचा बाप नत्थूजी त्याच मागावर शिकले. मंग पावरलूमनं सगळं खाल्लं. जुनं घर भावाभावात विकलं, नत्थूजीनं इथं दोन खोल्या बांधल्या अन् बेशात एका अपार्टमेंटवर वॉचमन झाले. गाडी आली का गेट उघडाचं, गेली का लावाचं. पण माग काही सोडला नाही. मोडून टेम्पोत घालून आणला अन् मांगच्या खोलीत भिंतीले रचून ठेवला. विकत नाही, जाळत नाही, जोडत बी नाही. घरात माणसाले जागा नाही अन् लाकडाले अर्धी खोली. रुची म्हणे, बाबा, याचं आधार कार्ड काढून घ्या, हा बी घरचाच मेंबर आहे.

बारावी झाल्यावर कॉलेजात जाऊन पाहिलं तिनं. म्हणे तिथं मास्तर झोपते अन् पोरं बी झोपते, त्यापेक्षा मी घरीच झोपीन. मंग इतवारीत साडीच्या दुकानात लागली. काम काय, तर काचेतल्या पुतळ्यायले साड्या नेसवाचं. तोंडात टाचण्या धरून अशा निऱ्या बसवे का चालत्या बाईले बसणार नाही. पुतळ्यायले नावं देली होती. एक पुतळी होती मोडक्या मानेची, सगळ्यायकडे तिरपी पाहे, ती प्रयाग आत्या. घरी येऊन सांगे, आज आत्याले लाल शालू नेसवला, तरी तोंड तसंच.

घरकामात शून्य. पोळी लाटली तर नकाशा. देवाले हात जोडत नव्हती. खोटं तर असं बोले का ऐकणाऱ्याले आपल्या खऱ्याची लाज वाटावी. पण माझा हात तव्यावर भाजला का शिव्या देत देत मलम लावे. म्हणे, एवढं वय झालं, तवा गरम राहते हे तुले अजून कळलं नाही काय वं मोठीमाय.

त्याच दुकानात कॅमेरे लावाले आला होता धम्मदीप. खांद्यावर वायरचं बंडल अन् तोंडात शब्द नाही. रुचीनं मले सांगितलं होतं त्याच्याबद्दल. काय आवडलं वं त्याच्यात, असं मी विचारलं तर म्हणे, त्याले बोलता येत नाही, मले ऐकता येत नाही, जमून जाईन. आम्ही कोष्टी, तो बौद्ध. रुचीले त्याचं काही नव्हतं. मले बी नव्हतं, पोट्टा नेक होता अन् पाणी प्यायल्यावर गिलास विसळून ठेवे. पण आनंदरावाले होतं.

आता आनंदराव कोण, ते सांगते. प्रयागबाई ही नत्थूजीची मोठी बहीण, रुचीची आत्या. आनंदराव तिचा नवरा. सावनेरले राहते दोघं. आनंदराव कोळसा खाणीच्या ऑफिसात होते, रिटायर झाले, पण सफारी उतरली नाही. कोणाच्या बी घरी गेले का त्या घरचा फैसला करून देते. अन् प्रयागबाईले सगळ्या दुनियेचे उपाय माहीत. पोरगी होत नाही, हा दोरा बांध. पोरगा होत नाही, हे लिंबू पूर. स्वतःचे गुडघे मात्र तिच्याच्यानं आजपर्यंत बरे झाले नाही.

पोळ्याच्या सणाले ते दोघं आले. संध्याकाळी पुरणाची पोळी वाढून राहिलो होतो आम्ही, तर आनंदरावानं घास खाता खाता सांगितलं का बेसा चौकात तुमची पोरगी एका पोट्ट्याच्या गाडीवर पाहिली. पोट्ट्याची जात बी सांगितली. कोठून काढली तेच जाणे, पण जात काढाले त्यायले गुगल लागत नाही. नत्थूजीचा चेहरा पडला. ते कधी ओरडत नाही, त्या दिवशी ओरडले. असली पोरगी असण्यापेक्षा नसलेली बरी, असं म्हटलं. रुचीनं पोळीवर तूप घेतलं. मंग शांतपणे विचारलं, फुफाजी, बेसा चौकात तर फक्त दारूचं दुकान आहे, तुम्ही तिथं बैल घ्याले गेले होते काय. आनंदरावाले ठसका लागला. मले हसू आलं, मी पदर तोंडात घातला.

मंग जो तो झोपाले गेला. मांगच्या खोलीत एक लाकडी पलंग आहे, त्यावर रुची झोपे. पण घरी पाहुणा आला का पलंग पाहुण्याचा. प्रयागबाई पलंगावर अन् रुचीची सतरंजी खाली, मागाच्या लाकडायजवळ.

दुसऱ्या दिवशी मारबत होती, इडा-पीडेचा पुतळा मिरवत नेऊन जाळाचा सण. मी कामावर जावाले चप्पल घालून राहिली होती तर रुची भिंतीले धरून बाहेर आली. म्हणे पोट दुखून राहिलं. नत्थूजीनं पाहिलं नाही तिच्याकडे, रुसवा समजले. रुची खाली बसली अन् म्हणाली, "मोठीमाय, डोळे उघडून नाही राहिले वं." पापण्या खरंच खाली पडत होत्या, जशा कोणी ओढून धरल्या. बोटानं वर केल्या तर पुन्हा पडे. प्रयागबाई म्हणे नजर आहे, काल एवढी नटून फिरली. मीठ-मिरची उतरवाले बसली. मिरचीच्या धुरानं आम्ही सगळे खोकलो, रुची खोकली नाही. तिले खोकता येत नव्हतं. पाणी देलं तर बाजूनं गळून गेलं. जीभ जड झाली. अन् तेव्हा आनंदरावानं तो शब्द काढला. म्हणे हिनं काही तरी घेतलं.

झालं. एकदा शब्द पडला का सगळ्यायले तोच दिसते. मिठाचं पाणी पाजलं, ते बी आत गेलं नाही. ऑटोत टाकून जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं, तर तिथं पहिला प्रश्न, काय प्याली. काही नाही, असं मी म्हटलं. आनंदराव म्हणे, लपवू नका डॉक्टरपासून. मंग तिथल्यायनं हात वर केले अन् मोठ्या दवाखान्यात न्या म्हटलं. रस्त्यात पोरायनं कागदाची मारबत काढली होती. इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत, असं बोंबलून राहिले होते अन् ऑटो मधात उभा. रुचीची मान माझ्या मांडीवर होती. त्या गर्दीतच तिचा श्वास थांबला. रोगराई तिथंच राहिली अन् पोरगी गेली.

आता सगळे घर धुंडाळाले लागले. बाटली नाही. पुडी नाही. गोळीचं पाकीट नाही. तोंडाले वास नव्हता, फेस नव्हता. मी विचारलं, विष घेतलं तर भांडं कुठी आहे? आनंदराव म्हणे फेकलं असन. जिच्याच्यानं मान उचलत नव्हती ती बाटली फेकाले कुठी गेली, हे त्यायले विचारलं तर म्हणे, तुमच्या लक्षात नाही येणार. बाजूची कामिनी तर नालीत काडी घालून पाहून आली. तिले काही सापडलं नाही, पण सांगताना तिनं असं सांगितलं का सापडण्यासारखंच होतं.

पोस्टमार्टेम झालं. डॉक्टरानं काय काय काढून तपासणीले पाठवलं, म्हणे निकाल याले महिने लागते. महिने थांबतीन ते आनंदराव कायचे. त्यायनं नत्थूजीले धरून पोलीस ठाण्यात नेलं अन् धम्मदीपाच्या नावानं तक्रार देली, का यानं पोरीले फसवलं, त्रास देला, म्हणून तिनं जीव देला. नत्थूजी त्या दिवसात जिकडे वळवा तिकडे वळत होते. मले वाटते त्यायच्या कानात स्वतःचंच वाक्य घुमून राहिलं होतं, नसलेली बरी. पोट्ट्यावर गेलं तर आपल्यावर येत नाही. तेव्हापासून पोलीस धम्मदीपाले सकाळी बोलवे अन् दिवसभर बाकड्यावर बसवून ठेवे. त्याची माय दोन वेळा आमच्या दारात येऊन उभी राहून गेली. एक शब्द बोलली नाही. पोट्टा कोणावर गेला ते कळलं.

माझी बहीण पुष्पलता, रुचीची माय, तीही बोलत नव्हती. मी एकटीच म्हणून राहिली होती का रुची असं करणारी नाही. ज्या पोरीनं बाप ओरडत असताना तूप वाढून घेतलं ती विष घेते काय? पण पोळ्या करणाऱ्या बाईचं म्हणणं, त्याले काय किंमत. विषानं मेली म्हटलं का पोरीच्या मांगं ते कायमचं लागते. रुचीचं नाव निघालं का लोकं आधी आवाज बारीक करतीन. ते मले सहन होत नव्हतं.

अस्थी आणल्या त्या दिवशी प्रयागबाईनं पीठ काढलं. आमच्यात करते असं. मेलेल्या माणसाले जिथं ठेवलं होतं तिथं परातीत पीठ पसरवाचं, मधात दिवा लावाचा, वरून टोपली पालथी घालाची. सकाळी टोपली उचलून पाहाचं का पिठावर कायचं पाऊल उमटलं. चिमणीचं असलं तर चिमणीचा जन्म, गाईचं तर गाईचा. प्रयागबाई त्यातली मास्तरीण. तिच्या सासूच्या वेळेस पिठावर मुंग्यायची रांग निघाली होती, तर हिनं सांगितलं का सासू मुंगी झाली. पीठ ठेवलं तर मुंग्या येईनच, वाघ येईन काय? अन् सासू मुंगी झाल्यापासून हिच्या घरी मुंग्यायची पावडर काही बंद झाली नाही.

तर टोपली समोरच्या खोलीत ठेवली. मांगच्या खोलीत कोणी जात नव्हतं, प्रयागबाईनं बी आपली गादी पुढं आणली होती. सकाळी सगळे जमले. टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं, कोणाचं काही नाही. प्रयागबाईचं तोंड उतरलं. म्हणे जीव सुटला नाही पोरीचा, अडकून आहे. उपाय सांगाले तोंड उघडलंच होतं तिनं, तेवढ्यात पुष्पी मांगच्या खोलीच्या दारातून म्हणाली, "इकडं या."

मांगच्या खोलीत, रुचीची सतरंजी जिथं होती तिथं, फरशीवर पीठ होतं. पोळपाटावर आपण पिठाचा हात फिरवतो तसं, पातळ, सारखं. अन् त्यावर एक रेघ, वळत वळत गेलेली.

हे पीठ कोणी पसरवलं ते मले माहीत नाही. पिठाचा डबा फळीवर होता, झाकण घट्ट. मी सगळ्यायले विचारलं. प्रयागबाईले तर खोदून खोदून विचारलं, कारण तिच्याशिवाय हा धंदा कोणाचा असन. तिनं आपल्या पोरायची शपथ घेतली. पुष्पीले विचारलं तर ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मी भूत मानत नाही, दोरा मानत नाही, अन् जे मानते त्यायले हसते. त्या पिठाले हसाले मात्र मले आजपर्यंत जमलं नाही. एवढंच सांगते अन् पुढं जाते.

प्रयागबाईले काही विचारात पडाची गरज नव्हती. तिनं रेघ पाहिली अन् फैसला देला. विष घेऊन गेली, विषाच्या योनीत गेली. आमची रुची साप झाली.

दुपार होईपर्यंत आख्ख्या लेआऊटले माहीत. कामिनीनं मोबाईलवर व्हिडिओ काढला. जे लोकं काल म्हणत होते का बिचारी, ते आज म्हणाले का पाहा, देवाघरी बी खरं-खोटं होते. नत्थूजी भिंतीले टेकून बसले ते बसलेच. त्यायच्या हिशोबानं आता पक्कं झालं होतं. पोरीनं जीव देला, अन् पिठानं सही केली.

मी एकटी त्या खोलीत उकिडवी बसून पाहत राहिली. जन्म-बिन्म जाऊ द्या. रेघ कुठून आली अन् कुठी गेली, हे तर पाहावं माणसानं. भिंतीच्या कोपऱ्यातून निघाली होती, फरशीवरून वळली होती, अन् मागाच्या लाकडायखाली गेली होती. खालच्या लाकडाले पीठ लागलं होतं. परत येण्याची रेघ नव्हती. म्हणजे जो गेला तो आतच होता.

तेव्हा मले रुचीच्या पापण्या आठवल्या. उमरेडले आमच्या मागच्या गल्लीत एक बाई अशीच गेली होती, खाली झोपलेली. सकाळी पोट दुखलं, पापण्या पडल्या, जीभ जड. अंगावर दाताचा व्रण नव्हता. माझी माय म्हणे, मण्यार चावते तर झोपलेल्याले कळत बी नाही.

रुची रोज पलंगावर झोपे. त्या एकाच रात्री खाली होती.

सापवाल्याचा नंबर आमच्याकडे विजेच्या खांबावर लिहिला राहते, बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर एवढं गवत वाढते. फोन केला तर प्रीतम नावाचा पोट्टा आला. टी-शर्टवर स्वतःचाच फोटो, गळ्यात साप घातलेला. आल्या आल्या मोबाईल उभा करून नमस्कार मित्रांनो सुरू केलं. मी म्हटलं, मित्रायले मंग भेट, आधी लाकडं काढ. तर काढली त्यानं. आजाच्या मागाची एक एक पट्टी बाहेर आली, नत्थूजी दारात उभे राहून पाहत होते. शेवटच्या लाकडाखाली होता तो. काळा, चाबकासारखा बारीक, अंगावर पांढरे पट्टे. प्रीतमनं आकड्यानं उचलला अन् भोकाच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत टाकला. मण्यार आहे म्हणाला. अन् पहिल्यांदाच मोबाईलकडे न पाहता बोलला, "कोणाले चावला तर नाही ना, काकू?"

मले वाटलं, आता संपलं. आता सगळ्यायले कळन. पण मी या लोकायले अजून बी कमी ओळखते. प्रयागबाई हळद-कुंकू घेऊन आली अन् बरणीपुढं बसली. रुची बेटा, असं म्हणून रडाले लागली. कामिनी दुधाची वाटी घेऊन आली. सकाळी जी पापी म्हणून साप झाली होती ती दुपारी देवी झाली. साप दूध पीत नाही, असं प्रीतम सांगून राहिला होता, त्याले कोण विचारते. एका बाईनं बरणीच्या झाकणावर फूल ठेवलं, भोक बंद झालं. मी फूल फेकलं, बरणी उचलली, प्रीतमच्या गाडीवर मांगं बसली अन् म्हटलं, ठाण्यात चाल.

ठाण्यात हवालदार जेवून दात कोरून राहिला होता. बाजूच्या बाकड्यावर धम्मदीप, गुडघ्यात मान घालून. मी बरणी टेबलावर ठेवली. हवालदार खुर्चीवर चढला.

"बाई, हे आधी बाहेर न्या."

"साक्षीदार आहे," मी म्हटलं. "त्याचं बयान घ्या."

तेवढ्यात मांगून ऑटोनं नत्थूजी, आनंदराव अन् प्रयागबाई आले. आनंदराव हवालदाराले समजावाले लागले का ही बाई अडाणी आहे, हा साप नाही, आमची भाची आहे, पिठावर निघालं. हवालदारानं खुर्चीवरूनच विचारलं.

"म्हणजे मी काय लिहू साहेब? मयत स्वतः ठाण्यात हजर?"

आतून मोठे साहेब बाहेर आले. मी त्यायले सगळं सांगितलं, पलंग, सतरंजी, पापण्या, पाणी गळालं ते. त्यायनं पोस्टमार्टेमच्या डॉक्टरले फोन लावला अन् माझ्याकडून ऐकून ऐकून विचारलं. डॉक्टर म्हणे, ही लक्षणं मण्यारचीच आहेत, हे आधी काहून सांगितलं नाही. काहून म्हणजे काय. आधी कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. सगळे बाटली विचारत होते.

साहेबानं नत्थूजीकडे पाहिलं. म्हणे तक्रार तुमची आहे, आता तुमचं म्हणणं काय?

आता पाहा कसं होतं ते. बरणीतला साप रुची असन, तर रुचीनं विष घेतलं अन् हा पोट्टा गुन्हेगार. साप नुसता साप असन, तर रुची निर्दोष अन् पोट्टा बी. साप एकच. बापानं ठरवाचं होतं.

प्रयागबाईनं नत्थूजीचा हात धरला. ती रुचीच आहे, असं म्हणत राहिली, रुचीच आहे, तिले असं परकं करू नको, नत्थू. मी तिले चांगलं सुनवणार होती. इतक्या वर्षांचं साचलं होतं माझ्याजवळ, दोऱ्यापासून मिरचीपर्यंत. पण नत्थूजीनंच विचारलं, "बाई, तुले ती साप काहून पायजे?"

प्रयागबाई म्हणाली, "तो साप असन, तर पलंगावर मी होती."

मी जे बोलणार होती ते माझ्याजवळच राहिलं. ते अजून आहे, पण आता बोलाची इच्छा होत नाही.

नत्थूजीनं बहिणीचा हात सोडवला नाही. तसाच धरून बरणीजवळ वाकले. प्रीतमले विचारलं, "पोट्ट्या, झोपेत चावला तर दुखते काय?"

प्रीतम म्हणाला, नाही काका, मच्छर चावल्यावाणी, कळत बी नाही.

"मंग लिहा साहेब," नत्थूजी म्हणाले. "माझी पोरगी साप चावून गेली. तिनं काही घेतलं नव्हतं. या पोट्ट्यानं काही केलं नाही."

बोलून ते बाकड्यावर धम्मदीपाच्या बाजूले जाऊन बसले. माफी मागाची रीत त्यायले माहीत नाही. धम्मदीपाले बोलाची रीत माहीत नाही. दोघंही समोरच्या भिंतीकडे पाहत बसले, अन् हवालदार खुर्चीवरून उतरला.

साप प्रीतमनं वनखात्याच्या माणसाबरोबर जंगलात नेऊन सोडला. त्याले मारा, असं कोणीतरी म्हणत होतं. पुष्पीनं मान हलवून नाही म्हटलं, तो तिचा त्या महिन्यातला सगळ्यात मोठा बोल होता.

तेरवीले आनंदरावानं माईक लावला होता. भाषणं ठेवली होती, स्वतःचं पहिलं. नत्थूजीनं त्यायच्या हातातून माईक घेतला. त्यायले माईक धराची सवय नाही, तोंडापासून लांब धरला, अर्ध्या लोकायले ऐकू आलं नाही. मंग पुन्हा सांगितलं, जोरानं. रुचिका साप चावून वारली. विष नाही. अन् धम्मदीप अन् त्याची माय पंगतीत बसली आहे, त्यायले कोणी उठवाचं नाही. एवढं बोलून माईक ठेवला, तो किंचाळला, अन् वाढणारे पातळभाजी घेऊन निघाले.

लोकं जेवले. चांगले जेवले. कामिनीनं तर दोनदा भात घेतला. मले वाटलं, आता तरी हिच्या तोंडातून नीट काही निघन. हात धुवाले नळाजवळ आली अन् माझ्या कानाजवळ म्हणाली, "पण काहीही म्हण सिंधूताई, एवढ्या मोठ्या लेआऊटमधी तो साप तिलेच काहून चावला? काही तरी असनच."

मी म्हटलं, "तुले चावाले आला असता तर तोच मेला असता वं."

आतून, भांड्यायच्या ढिगामागून, पुष्पी हसली. मोठ्यानं, नाकातून, रुची हसे तसं. मंग तिच्या हातून परात खाली पडली अन् त्या हसण्याचा आवाज बदलला. मी नळ बंद केला अन् आत गेली.